पहिलीचं वर्ष घरच्या घरी : मराठवाड्यातल्या नव्या आईवडिलांसाठी

लेकराला घरीच शिकवायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, पुस्तकं कोणती आणायची? माझ्या मते हा प्रश्न चौथा-पाचवा आहे. पहिला प्रश्न असा : रोज लेकराजवळ कोण बसणार, आणि किती वाजता? याचं उत्तर नावासकट आणि वेळेसकट देता आलं तर निम्मं काम झालं. नाही देता आलं, तर कितीही चांगली पुस्तकं आणा, दिवाळीपर्यंत ती कपाटात गेलेली असतात.

हा लेख पाच ते आठ वर्षांच्या लेकरांच्या घरांसाठी आहे. मोठ्या मुलांचा विषय वेगळा, त्यात इथे शिरत नाही.

आधी माणूस आणि वेळ

सहा वर्षांच्या लेकराला रोज बसून शिकायला एक ते दीड तास पुष्कळ होतो, आणि तोही सलग नको. वीस मिनिटं वाचन, मग अंगणात उंडारणं, मग वीस मिनिटं गणित, असं चालतं. शाळेत पाच-सहा तास जातात कारण तिथे वर्गात तीस-चाळीस मुलं असतात, हजेरी असते, परिपाठ असतो, खिचडी असते. घरी एकास एक बसल्यावर तेवढं लागत नाही.

पण हा दीड तास रोज लागतो. घरातल्या मोठ्यांचा दिवस समोर मांडा आणि त्यात मोकळा वेळ शोधा. वडिलांचं मोंढ्यात दुकान असेल तर त्यांची सकाळ मोकळी असते. आई दवाखान्यात पाळीवर जात असेल तर तिचा वेळ आठवड्यागणिक बदलतो. आजोबा घरी असतील तर संध्याकाळची गोष्ट त्यांच्याकडे द्या. हे सगळं कागदावर लिहून भिंतीला लावा. वेळापत्रक लेकराचं नाही, मोठ्यांचं लावायचं.

एक गोष्ट ठासून सांगते. "आई घरीच असते, ती शिकवेल" असं म्हणून जी घरं सुरुवात करतात, तिथे आई पहिल्या पावसाळ्यातच थकते. घरी असलेली बाई रिकामी नसते. तिनं शिकवायचं असेल तर तिच्या अंगावरचं दुसरं काम उतरलं पाहिजे. सकाळच्या भाकरी, नाहीतर धुणं, नाहीतर सासऱ्यांचं दवापाणी, काहीतरी एक दुसऱ्यानं उचललंच पाहिजे. हे बोलणं वर्ष सुरू होण्याआधी, सगळ्यांसमोर करा.

आणि घरात कुणाकडेच रोजचा तास निघत नसेल, तर लेकराला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला आणि रात्री अर्धा तास त्याच्यासोबत वाचा. त्यात काही कमीपणा नाही. कुणीही जवळ बसत नाही अशा घरच्या शाळेपेक्षा ते कितीतरी बरं.

कायदा आणि कागद

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. 6 ते 14 वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण असं तो सांगतो, आणि मुलाला शाळेत दाखल करण्याचं कर्तव्य कलम 10 मध्ये आईवडिलांवर टाकतो. घरच्या शिक्षणाबद्दल त्यात वेगळी तरतूद नाही. आईवडिलांना दंड किंवा शिक्षाही त्यात सांगितलेली नाही. म्हणजे घरी शिकवणाऱ्यांना कायद्यानं स्पष्ट परवानगी दिलेली नाही. हे डोळे उघडे ठेवून समजून घ्या आणि मगच ठरवा.

शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं तेव्हा गुरुजी किंवा अंगणवाडी ताई दारी येतात. आपल्या भागात हे सर्वेक्षण फार मोलाचं आहे. ऊसतोडीला आईबापासोबत गेलेली, वीटभट्टीवर राहणारी लेकरं त्यातूनच शाळेपर्यंत पोहोचतात. म्हणून आलेल्या माणसाशी हुज्जत घालू नका. पाणी द्या, लेकराच्या वह्या दाखवा, खरी माहिती सांगा.

त्याच कायद्यात तुमच्या कामाच्याही काही गोष्टी आहेत. कधीही शाळेत जायचं ठरलं तर कलम 4 प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. वयाचा पुरावा नाही किंवा वर्ष सुरू होऊन गेलं म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दार बंद होत नाही, हे घरातल्या आजी-आजोबांना आवर्जून सांगा. त्यांची निम्मी काळजी तिथेच मिटते.

पुढची वाटही माहीत असू द्या. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला सगळे एनआयओएस म्हणतात, तिच्याकडे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे अ, ब, क असे टप्पे आहेत. दहावीला 14 वर्षं पूर्ण लागतात. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे.

काय सुटतं तेही ऐका. खाजगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांवरचा मोफत प्रवेश प्रवेशाच्या पहिल्या वर्गालाच मिळतो, मधल्या वर्गाला नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत जातो. ज्या घराला पुढे नवोदयची परीक्षा द्यायची आहे, त्यांनी शाळेत शिकत असल्याच्या अटी आत्ताच वाचून ठेवाव्यात.

आपल्याकडे बरीच कागदपत्रं शाळेच्या नोंदीवर उभी असतात. जातीच्या दाखल्याला प्राथमिक शाळेचा उतारा किंवा टी.सी. मागतात. म्हणून लेकराचा जन्मदाखला, वडिलांची टी.सी., आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, घरात कुणाची जात पडताळणी झाली असेल तर तिची प्रत, हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. लेकराला पाच वर्षं झाली की आधारवर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद करून घ्या.

पाहुणे विचारतात तेव्हा

"शाळेत का नाही घातलं गं?" हे लग्नात, तेराव्याला, एसटी स्टँडवर, सगळीकडे ऐकावं लागेल. लातूर पॅटर्नच्या मुलखात राहतो आपण. इथे पाचवीपासून शिकवणीची आणि बारावीच्या टक्क्यांची चर्चा होते. लोक काळजीनंच विचारतात. लांबलचक उत्तर देऊ नका. "सध्या घरी शिकवतोय, पुढचं पुढे बघू" एवढं पुरतं.

मात्र लेकराची भर माणसांत परीक्षा होऊ देऊ नका. "सांग बरं, बारा पाचे किती?" असं आत्यानं विचारलं आणि लेकरू गप्प राहिलं, तर ते आठवडाभर पाढ्यांचं नाव काढत नाही. तुम्हीच मध्ये पडा. "आत्या, त्याला गोष्ट विचारा, छान सांगतो" म्हणा, आणि खरंच सांगू द्या.

पहिला महिना

पहिला महिना वही उघडू नका. रोज ठरलेल्या वेळी लेकराजवळ बसायचं, एक गोष्ट वाचून दाखवायची, आणि घरातलं एक काम सोबत करायचं. शेंगा सोलणं, तुरीची डाळ निवडणं, ठिपक्यांची रांगोळी. यानं बोटं तयार होतात. लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्या पुष्कळ लेकरांची खरी अडचण पेन्सिल धरण्याची असते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. जी मुलं गुरं राखायला जायची, त्यांच्यासाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. शाळाच कुरणात नेली. लेकरू जिथे आहे, जे काम करतंय, तिथून शिकणं सुरू करता येतं हे महाराष्ट्रात फार आधी करून दाखवलेलं आहे. पहिल्या महिन्यात एवढंच करा. खरेदीही फार करू नका. पाटी, पेन्सिली, एक चौकटीची आणि एक दुरेघी वही, चिंचोके आणि जुनी वर्तमानपत्रं पुष्कळ झाली.

वाचन

आपल्याकडे आधी अ ते ज्ञ, मग पूर्ण बाराखडी, मग शब्द, असा क्रम घरोघरी चालतो. लेकरू महिनोन् महिने अक्षरं गिरवतं आणि वाचत मात्र काहीच नाही. त्यापेक्षा अक्षरांचे छोटे गट घ्या. पहिल्या गटात क, म, न, ल, र, घ आणि सोबत फक्त काना. एवढ्यावर घर, काका, मामा, नाक, कान, मका, लाल, नाला असे किती शब्द होतात बघा. हे शब्द बिनचूक यायला लागले की स, प, ब, त आणि वेलांटी आणा : माती, पीक, साप, बी. प्रत्येक गटानंतर ओळखीच्या अक्षरांचीच दोन-तीन वाक्यं तुम्ही स्वतः लिहून द्या. "काका, काम करा" एवढं वाक्य स्वतः वाचता आलं की लेकराचं तोंड बघण्यासारखं होतं. जोडाक्षरांना घाई नको, ती उन्हाळ्यापर्यंत थांबली तरी चालतं.

सोबत दुसरं एक काम रोज करा. लेकराला दिवसभरातलं एक वाक्य बोलायला सांगा आणि ते जसंच्या तसं मोठ्या अक्षरात कागदावर उतरवा. "म्या बकरीला पाला टाकला" असं म्हणालं तर "म्या"च लिहा. आपलं बोलणं कागदावर उमटतं हे त्याला कळू द्या. पुस्तकात "मी" असतो हे ते वाचता वाचता आपोआप शिकतं, त्यासाठी दर वाक्याला टोकू नका. घरात गोरमाटी (बंजारा बोली) किंवा दखनी बोलत असतील तर गोष्टी त्याच भाषेत भरपूर सांगा, आणि मराठीचा रोजचा वेळ वेगळा ठेवा. महिनाभराची वाक्यं शिवली की लेकराचं स्वतःचं पुस्तक होतं, आणि ते बाकी सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त वेळा वाचलं जातं.

छापील पुस्तकांसाठी पैसे लागतातच असं नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत उतरवता येतात. 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं, त्याचे जुने अंकही बालभारतीनं ऑनलाइन ठेवले आहेत. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत. पण मोबाइल तुमच्या हातात राहू द्या. गोष्ट मोठ्यानं वाचून मोबाइल बाजूला ठेवायचा. जमेल तेव्हा जवळच्या दुकानातून पानांच्या झेरॉक्स काढून आणा.

गणित

गणितासाठी घरात ज्वारीचं पोतं आणि जुनी मापं असतील तर दुसरं साहित्य शोधायला जाऊ नका. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. गावागणिक थोडा फरक असतो, आजीला विचारून घ्या.

खाली चादर अंथरा. चिपटं आणि मापटं लेकराच्या हातात द्या. विचारा : मापटं भरायला किती चिपटी लागतील? आधी अंदाज सांगू द्या, मग ओतू द्या. लेकरं हमखास शीग लावून चिपटं भरतात. दुसरं चिपटं ओतलं की ज्वारी मापट्यावरून सांडते आणि ती म्हणतात, दोन नाही, दीडच लागतं! इथे काही सांगू नका. वरून हात फिरवून सपाट कसं करायचं ते आजीला दाखवू द्या, आणि परत भरायला लावा. आता बरोबर दोन बसतात. मोजताना दर वेळी माप सारखंच भरलं पाहिजे हे लेकराला स्वतःच्या हातानं कळतं, आणि अर्धा, पाव, दुप्पट हे शब्द त्याच खेळात येऊन जातात. नंतर तेच मापटं किराणा दुकानाच्या काट्यावर नेऊन किलोत बघा. मापं नसली तर वाटी आणि तांब्यावर हेच करा.

आजी-आजोबांना पावकी, निमकी, दीडकी (पाव, अर्धा, दीडचे पाढे) पाठ असेल तर त्यांच्याकडून जरूर ऐकवा. पाठ करून घ्यायची घाई मात्र पहिल्या वर्षी नको.

मराठी आकड्यांची एक अडचण आधीच सांगून ठेवते. "एकोणतीस" ऐकलं की लेकरू 39 लिहितं, कारण त्याला "तीस" ऐकू येतं. ही चूक बहुतेक सगळ्यांची होते, रागावू नका. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग मांडून आधी "वीस आणि नऊ" म्हणा, मग "एकोणतीस". 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" अशी पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. माझं म्हणणं असं की दोन्ही म्हणा. ढिगाजवळ वीस आणि एक, बाजारात एकवीस.

वर्ष आपल्या हंगामाप्रमाणे लावा

घरी शिकवण्याचा मोठा फायदा म्हणजे सुट्ट्या आपल्या हातात असतात. शेतीच्या घरात पेरणीच्या पंधरवड्यात वही मागे ठेवा, फक्त रात्रीची गोष्ट चालू ठेवा. सोयाबीन काढणीलाही तसंच. पेरलेलं किती दिवसांत उगवलं, पाऊस कोणत्या दिवशी पडला, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लेकरानं स्वतः खूण करून ठेवायचं. तेवढ्या दिवसांचं विज्ञान तेच.

17 सप्टेंबरला गावात झेंडावंदन असतं, तिथे लेकराला न्या. 1948 मध्ये निजामाच्या राज्यातून मराठवाडा मोकळा झाला, हे त्याला घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाच्या तोंडून ऐकू द्या. लातूर-धाराशिवकडे येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळं गाव शेतात असतं. आंबील, भज्जी, पांडव पूजा, कोप (कडब्याची खोपी), यावर आठवडाभर बोलता, काढता आणि लिहिता येतं.

थंडीचे दिवस फिरण्याचे. जायकवाडीच्या नाथसागरावर बाहेरून आलेले पक्षी तेव्हाच दिसतात. तेरला सातवाहन काळातल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. वेरूळला गेलात तर एकच लेणं बघा, 16 नंबरचं कैलास. आधी बाजूच्या डोंगरावरून वरून दाखवा, मग खाली आत न्या. हे देऊळ वरून खाली कोरत आणलं हे मग सांगावं लागत नाही. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. 15 वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीट नाही.

मार्च ते मे आपल्याकडचं ऊन सगळ्यांना माहीत आहे. सकाळी लवकर बाहेर खेळणं, नऊच्या आत वही-पुस्तक, दुपारी अंधाऱ्या खोलीत फक्त ऐकणं आणि लोळत वाचणं. लाइट गेली तरी यातलं काही अडत नाही. टँकर येत असेल तर बॅरल किती लिटरचा, त्यात हंडे किती, दिवसाला किती लागतात, हा हिशेब लेकराकडे सोपवा. त्या हिशेबाचं महत्त्व त्याला समजावावं लागत नाही.

सोबत

दुपारी गल्लीतली सगळी मुलं शाळेत असतात आणि तुमचं लेकरू एकटं असतं. ही या वर्षातली सगळ्यात खरी अडचण आहे, आणि ती आपोआप सुटत नाही. बसून शिकणं दुपारी ठेवा आणि संध्याकाळी पाच ते सात कुठल्याही कारणानं मोडू नका. तो वेळ मैदानाचा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मावसभावंडांना बोलवा. गावात वाचनालय असेल तर आठवड्यातून एकदा चार मुलं जमवून गोष्ट वाचा. शाळेत जाणारी मुलंही आनंदानं येतात. एकुलतं एक, लाजाळू लेकरू असेल आणि आसपास खेळायला कुणीच नसेल, तर मी घरी शिकवण्याचा सल्ला देणार नाही.

दवाखाना विसरू नका

याचा कुणी विचार करत नाही. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, जंतांच्या गोळ्या देतात, दूरचं दिसत नसेल तर बाईंच्या लक्षात येतं. घरी शिकणाऱ्या लेकराचं हे सगळं सुटतं. आशाताईंना सांगून ठेवा. शाळेत न जाणाऱ्या मुलांना जंतनाशक गोळी अंगणवाडीत मिळते. पाच-सहा वर्षांचा डीपीटी लसीचा बूस्टर राहिला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या. आणि वर्षातून एकदा डोळे तपासा. फळ्यावरचं वाचावं न लागणाऱ्या लेकराचा चष्मा उशिरा कळतो.

नोंद

रोज एक ओळ लिहा : तारीख, काय वाचलं, काय केलं. दर महिन्याला लेकराचं एक लिखाण आणि एक चित्र तारीख टाकून फाइलमध्ये. आणि महिन्यातून एकदा त्याचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करा. काहीच प्रगती नाही असं वाटायचे दिवस येतात, तेव्हा तीन महिन्यांपूर्वीचं रेकॉर्डिंग ऐका. सर्वेक्षणाला आलेल्या गुरुजींना दाखवायलाही हीच फाइल लागते.

एप्रिल-मे मध्ये ठरवा

एप्रिलमध्ये पहिलीच्या पुस्तकातला, लेकरानं न बघितलेला एक सोपा उतारा समोर ठेवा. अडखळत का होईना वाचता येतो का? ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतं का? वीसच्या आतली बेरीज-वजाबाकी वस्तू घेऊन करतं का? शंभरपर्यंतचे आकडे ओळखतं का? बहुतेक होकार असतील तर ठीक चाललंय. वाचनच अजिबात पुढे सरकत नसेल, अक्षरं रोज नव्यानं परकी वाटत असतील, तर वाट बघत बसू नका, जिल्हा रुग्णालयात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे दाखवा.

मग लेकराला विचारा, आणि शिकवणाऱ्या माणसालाही विचारा. दोघांपैकी एकाचंही उत्तर नाही असेल तर शाळेचं बघा. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एकदा लेकराला घेऊन शाळेत जा, गुरुजींना भेटा, त्याची फाइल दाखवा, वर्गात थोडा वेळ बसू द्या. जन्मदाखला, आधार आणि फोटो सोबत ठेवा. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, त्याआधी पंधरा दिवस घरीही सकाळी दहाच्या आत अंघोळ, डबा आणि दप्तर सुरू करा. शाळेत घातल्यावरही संध्याकाळचं गोष्टीचं अर्ध्या तासाचं बसणं तसंच चालू राहू द्या.